लांजेवार साहेबांचं तिसरं साल

"झाडाले मारायचं नाही बाई. पण झाडाले वाटलं पाह्यजे का आता आपलं काही खरं नाही. तवाच ते फुलते."

डॉ. नत्थूजी लांजेवार मला हे म्हणाले तेव्हा मला नोकरीवर लागून आठवडाही झाला नव्हता. मी नागपूरच्या सरकारी शेती संशोधन केंद्रात सांख्यिकी विभागातली नवी सहायक, ते तिथले मातीचे शास्त्रज्ञ. गणितात एम.एस्सी. आणि शेतीशी संबंध म्हणाल तर बाजारातून भाजी आणण्यापुरता. फार्मवरची संत्र्याची बाग दाखवायला ते मला घेऊन गेले. डिसेंबर लागलेला, झाडांची पानं वळलेली, पिवळी पडून गळायला लागलेली, खाली जमिनीला भेगा. मी आपली भोळेपणानं म्हणाले, "अहो, या बिचाऱ्यांना कोणी पाणी द्या ना!" त्यावर साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "झालं. तुम्हीबी त्यातल्याच." मग वरचं वाक्य. मला तेव्हा वाटलं, माणूस चक्रम आहे. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत हे मत फारसं बदललं नाही, पण त्या चक्रमपणाची किंमत कळत गेली.

ज्यांना संत्र्याचं काही ठाऊक नसेल त्यांना दोन शब्दांत सांगते. संत्र्याचं झाड आपणहून शहाण्यासारखं फुलत नाही. हिवाळ्यात काही आठवडे त्याचं पाणी तोडायचं, त्याला ताण द्यायचा, आणि मग पाणी सोडायचं, की पंधरा-वीस दिवसांत झाड पांढरंशुभ्र होतं. काटोल-कळमेश्वरकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. प्रश्न असा, की ताण किती द्यायचा? हलक्या जमिनीत थोडा पुरतो. काळी कन्हार जमीन पाणी धरून बसते. वरून भेगा पडतात आणि खाली मुळं आरामात पीत असतात. लोक हलक्या जमिनीवाल्या शेजाऱ्याचं पाहून काळ्या जमिनीत ताण लवकर तोडून पाणी सोडत आणि मग झाडाला नुसता पाला. वर्ष वाया. कोणी जास्त ताण दिला तर झाडच वाळायचं. किती खोल काळ्या जमिनीत किती ताण, हे लांजेवार साहेबांना शेतकऱ्यांना नेमकं सांगायचं होतं. बस, एवढंच. या एवढ्याशा प्रश्नावर त्या माणसाची सगळी नोकरी खर्ची पडली.

कारण नियम असा, की एकच प्रयोग सलग तीन हंगाम करायचा. तिन्ही सालचे आकडे जुळले तर शिफारस शेतकऱ्यांपर्यंत जाते. आणि नागपूरचा हिवाळा म्हणजे अधिवेशन. डिसेंबरात अख्खं सरकार मुंबईहून आमच्या गावात मुक्कामाला येतं, हुरडा-संत्री खातं आणि एखाद्या दुपारी फार्म बघायला निघतं. झाडांना ताण द्यायचा तोही नेमका डिसेंबरातच. पाहुण्यांपुढे वाळकी झाडं उभी ठेवायची तर आमच्या डायरेक्टर साहेबांची छाती धडधडायची. आता सांगा, या दोन गोष्टींचा मेळ कसा बसायचा?

लांजेवार साहेब सक्करदऱ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे आणि सायकलनं फार्मवर यायचे. सायकलच्या दांडीला माती काढायचं लोखंडी गिरमिट बांधलेलं. रस्त्यानं जाणारे त्यांना नळ दुरुस्त करणारा समजायचे. एकदा एका बाईनं भररस्त्यात थांबवून "कितीले जोडून देता?" विचारलं, तर हे जाऊन तिचा नळ पाहून आले आणि "वायसर बदलवा" सांगून आले. बुटका, काळा, रुंद पंजाचा माणूस. बोलणं अस्सल वऱ्हाडी. अमेरिकेत दोन वर्षं शिकून आला होता, पण ते त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं, आणि तेही तिकडच्या मातीला शिव्या देताना.

माती दिसली की या माणसाला भान राहायचं नाही. ऑफिसातल्या एका कारकुनाच्या पोरीचं लग्न होतं, काटोलकडे. आम्ही सगळे आदल्या दिवशी गेलो. मांडवाचे खांब रोवायला खड्डे खणणं चाललं होतं. साहेब पाहता पाहता एका खड्ड्याशी उकिडवे बसले. मग हात घातला. मग चक्क गडी बाजूला सारून आत उतरले. नवरीचा बाप, बिचारा, हात जोडून उभा. "साहेब, चहा?" तर हे खड्ड्यातून म्हणतात, "चहा राहू द्या गा. दोन हातावर चोपण लागली, पाणी मुरत नाही. इथी संत्रा लावू नका, मरन." तो म्हणाला, "साहेब, इथं मांडव लावून राहिलो." "हां, मांडव लावा. मांडवाले काही होत नाही," असं म्हणून वर आले आणि तोच मातीचा हात आशीर्वाद म्हणून नवरीच्या डोक्यावर ठेवला. तिची आई मला म्हणाली, "तुमचे साहेब कधी साधं बोलतात का वं?" मी म्हटलं, नाही.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे तीन वर्षं. काहीही विचारा, उत्तर तेच. नवा पंखा कसा आहे? "तीन सालानं सांगतो." माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत होता. मी गंमत म्हणून विचारलं, "कसा वाटतो साहेब?" तर म्हणाले, "एका भेटीवरून काय सांगणार? तीन हिवाळे पाहा." मी तीन हिवाळे पाहिले नाहीत, लग्न करून टाकलं. आता इतक्या वर्षांनी कधी कधी वाटतं, पाहायला हवे होते.

पण असले विनोद बाजूला ठेवा. मूळ प्रयोगाचं काय झालं ते ऐका, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल.

पहिल्यांदा लावला तेव्हा पहिलं साल छान निघालं. दुसऱ्या साली पाहुणे येणार म्हणून फार्म मॅनेजरनं आदल्या दिवशी साहेबांना कसल्याशा मीटिंगला पाठवलं आणि सगळ्या बागेला पाणी सोडून दिलं. मंडळी आली, हिरव्यागार झाडांखाली बसून भजी खाऊन गेली. कमी ताण, मध्यम ताण, जास्त ताण, सगळे वाफे एकसारखे झाले. मॅनेजर साहेबांना म्हणाला, "साहेब, आपल्याच बागेची इज्जत राखली ना मी!" त्याला खरंच वाटत होतं की त्यानं उपकार केले. त्याला शिव्या तरी काय घालणार? साहेब खोलीत येऊन बसले, वहीचं नवं पान काढलं. मग म्हणाले, "चला, पयल्यापासून."

पुन्हा पहिलं साल. पुन्हा दुसरं. या वेळी साहेब हुशार झाले होते. पाहुणे यायच्या आधी त्यांनी कोंबड्यांच्या विभागाच्या प्रमुखाला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की त्यानंच धावपळ करून मंडळींना कोंबड्या दाखवायला नेलं. दोन्ही सालं. बागेकडे कोणी फिरकलं नाही. आकडे माझ्याकडे यायचे. मी ते हँडल फिरवायचं हिशोबाचं यंत्र खडखडवत बसायची, आणि साहेब समोर स्टुलावर, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे. आकडे इतके सुरेख जुळले की मी यंत्र सोडून टाळी वाजवली. काळ्या जमिनीला किती ताण हवा, स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "साहेब, पेढे!" तर म्हणाले, "दोन्ही हिवाळे थंड होते बाई. गरम हिवाळा येऊ द्या. मंग पाहू."

तिसरा हिवाळा आला आणि काय नशीब, गरम आला! डिसेंबरात पेटीतून स्वेटर काढायची वेळ आली नाही. लोक कुरकुरत होते आणि लांजेवार साहेब पोरासारखे खूश. "हाच पाह्यजे होता," रोज सकाळी यायचे आणि म्हणायचे. झाडं वाळायला लागली तसे ते फुलायला लागले. घरून भाकर आणायची विसरायचे, माझ्या डब्यातली पोळी खायचे.

त्या वर्षी कोंबड्यांना रोग झाला. पाहुण्यांना तिकडे नेणं बंद.

मंत्री कोण होते, कोणत्या खात्याचे होते, ते जाऊ द्या. माणूस वाईट नव्हता, उलट भला होता, हीच तर पंचाईत. ऊस पिकवणाऱ्या भागातले, पाण्यावर श्रद्धा. बागेच्या काठाशी मोटारी थांबल्या, ते उतरले आणि झाडांकडे पाहून खरोखर त्यांचा चेहरा पडला. "अहो डायरेक्टर, ही काय दशा केलीत? विहिरीला पाणी नाही का?" डायरेक्टर साहेब म्हणाले, "आहे साहेब, भरपूर आहे." लांजेवार साहेब पुढे झाले, "साहेब, हा प्रयोग हाये, झाडाले ताण..." पण मंत्र्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रयोग राहू द्या हो. आधी बिचाऱ्यांचा जीव वाचवा. पाण्याशिवाय कुठं शेती होते का?" आणि गळ्यात हार घातलेला तो भला माणूस चालत पंपघराकडे गेला. डायरेक्टर साहेबांनी धावत जाऊन दार उघडलं. मंत्र्यांनी स्वतःच्या हातानं स्टार्टर दाबला. टाळ्या. फोटो. पाट भरून पाणी निघालं.

मी तिथेच होते. आम्ही सगळे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या रांगेत. लांजेवार साहेबांनी शेजारच्या मजुराच्या हातातलं फावडं हिसकलं, पाटात उतरले आणि माती ओढून पाणी अडवायला लागले. बुटात पाणी, पँट गुडघ्यापर्यंत चिखल. एकीकडून बांध घातला की दुसरीकडून फुटायचं. कोणी हललं नाही. मंत्री हसून म्हणाले, "वा! तुमचे शास्त्रज्ञ स्वतः पाणी देतात. छान!" त्यांना वाटलं हे झाडांना पाणी वळवून देत आहेत! तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. 'बागेला पाणी देताना शास्त्रज्ञ.' मी तो पेपर चुलीत घातला. बाप्पा, काय संताप झाला होता माझा! अजूनही होतो.

सगळे गेल्यावर साहेब पंपघराच्या पायरीवर बसून बूट उलटे करत होते. मी जवळ गेले. मला वाटलं शिव्या देतील, रडतील, काहीतरी करतील. तर म्हणाले, "गरम हिवाळा होता बाई. असा पुन्हा कधी येते कोण जाणे."

यानंतर जे झालं, त्यात मात्र माझा राग सरकारवर नाही, साहेबांवर आहे. साफ सांगते.

डायरेक्टर साहेबांना आपण काय करून बसलो ते उमगलं असावं. वर्षाच्या शेवटी त्यांनी मला बोलावलं. "बाई, तुमच्यात ते हरवलेल्या वाफ्याचं सूत्र असतं ना? लावा ते. तिसरं वर्ष काढून टाका. दोन वर्षं झकास आहेत, शिफारस मी पास करून घेतो." सूत्र असतं. प्रयोगातला एखादा वाफा जनावरानं खाल्ला तर बाकीच्या वाफ्यांवरून त्याचा आकडा काढता येतो. एखाद्या वाफ्याचा, अख्ख्या वर्षाचा नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण शिफारस बरोबर आहे हेही ठाऊक होतं. तिकडे लोकांच्या बागा नुसता पाला देऊन राहिल्या होत्या. मी साहेबांना जाऊन सांगितलं, की करू या.

ते म्हणाले, "वाफा बैलानं खाल्ला तर सूत्र चालते. साल मंत्र्यानं खाल्लं तर चालत नाही."

"साहेब, दोन्ही वर्षं एकच सांगतात. तिसरं काय वेगळं सांगणार होतं?"

"मंग ते तिसऱ्यालेच सांगू द्या ना."

"आणि तोवर लोकांनी काय करायचं?"

त्यावर ते चिडले. माझ्यावर असे पहिल्यांदाच. "गरम हिवाळ्यात हाच ताण जास्त झाला तर? माह्या आकड्यावर भरोसा ठेवून कोणाची बाग वाळली, तर त्याच्या दारात तुम्ही जाल का हे डायरेक्टर जातीन? दहा साल लागते एक झाड उभं कराले."

मी आकड्यांची फाइल बांधून ठेवली. पण म्हणून माझा राग गेला असं नाही. बरोबर वागणाऱ्या माणसाचा राग येतो तेव्हा तो काढायचा कुठं, हेच समजत नाही.

शिफारस गेली नाही. पाटात उतरून गैरवर्तन केल्याचा मेमो आला, आणि उन्हाळ्यात बदलीचा हुकूम. कुठे? तर चांदा जिल्ह्यात, धानाच्या फार्मवर. झाडाला पाणी कसं तोडायचं यात आयुष्य घालवलेल्या माणसाला अशा पिकावर पाठवलं, जे चार महिने पाण्यात उभं असतं. निरोपसमारंभात डायरेक्टर साहेब भाषणात म्हणाले, "झाडाला ताण दिला की ते बहरतं, हे लांजेवारांनीच आम्हाला शिकवलं. आता आपण त्यांना थोडा ताण देतो आहोत!" सगळे हसले. मी चिवड्याची बशी तशीच ठेवून बाहेर निघून गेले. साहेब मात्र आतच बसून राहिले, आणि नंतर मला म्हणाले, "चिवडा काहून टाकला? चांगला होता."

ते गेल्यावर नव्या माणसानं बागेचे वाफे मोडले. तिथे पाहुण्यांसाठी लॉन केलं. रोज पाणी.

साहेब निवृत्त होऊन सक्करदऱ्याला परत आले, तोवर एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. सायकल सुटली. मी कधीमधी भेटून यायची. साहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या, "घरात बसतच नाहीत. शेजाऱ्यांच्या कुंड्या उकरून राहिले." मला हसू यायचं.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आमच्या ऑफिसनं संत्र्याच्या ताणाची शिफारस काढली. सरसकट एकच, हलकी जमीन असो की भारी. कोणीतरी हलक्या जमिनीत तीन वर्षं काढली होती. तीन सलग वर्षं, नियमाप्रमाणे, सगळं रीतसर. कळमेश्वरकडे शेतकरी मेळावा होता, तिथे ती वाचून दाखवणार होते. मी ऑफिसतर्फे मंचाच्या बाजूला बसले होते. वाचन झालं आणि मागच्या रांगेतून लांजेवार साहेब उठले. खूप वाळले होते.

"काळ्या जमिनीत हे चालणार नाही," ते म्हणाले. "नुसता पाला येईन."

मंचावरचा तरुण अधिकारी नम्र होता. "सर, आपल्याकडे आकडे आहेत का?"

"हायेत."

"किती वर्षांचे?"

मी मनात म्हणत होते, बोला, तीन म्हणा, कोण तपासतंय! अहो, एकदा तरी म्हणा!

"सलग दोन," साहेब म्हणाले.

मांडवात थोडं हसू पसरलं. "मग बसा सर," तो पोरगा अगदी आदरानं म्हणाला. आणि साहेब बसले.

मेळावा संपल्यावर पाच-सहा शेतकऱ्यांनी त्यांना बाहेर गाठलं. मीही पोचले. त्यात बाबारावजी म्हणून एक होते, तिथलेच, काळ्या जमिनीत मोठी बाग असलेले. "साहेब, तुमी सांगा ना, आमी किती ताण देऊ? तुमचं आयकतो." साहेब म्हणाले, "थंड हिवाळा असन तर सांगतो. गरम असन तर मले माहीत नाही." लोक एकमेकांकडे पाहायला लागले आणि एकेक करून पांगले. जो माणूस 'मले माहीत नाही' म्हणतो त्याच्याजवळ कोण थांबणार? मी त्यांना म्हणाले, "झालं समाधान? गेले सगळे!" असं बोलायला नको होतं कदाचित, पण बोलले.

बाबारावजी तेवढे थांबले होते. म्हणाले, "मंग माह्या बागेत करून टाका ना ते तिसरं साल."

"असं तिसरं होत नाही गा. जागा बदलली का पयल्यापासून."

"तर पयल्यापासून करा. माही बाग कुठं पळून चालली?"

साहेब त्यांच्या फटफटीकडे निघाले. मी मधे पडले, "अहो बाबारावजी, यांची तब्येत..." पण माझं कोणी ऐकत नव्हतं.

ती तीन वर्षं पूर्ण झाली नाहीत, हे इथेच सांगून टाकते, उगाच आस लावून बसू नका. एक हिवाळा निघाला, दुसरा लागायच्या आधी साहेब गेले. मी तेव्हा बाहेरगावी होते, मला आठवड्यानं कळलं. त्या वर्षभरात माझी सक्करदऱ्याला चक्कर झाली नव्हती, म्हणून त्या दिवशी मेळाव्याच्या मांडवाबाहेर पाहिलं तेच माझं त्यांना शेवटचं पाहणं.

बाबारावजींनी फटफटीला किक मारली. साहेब मागे बसायला पाय उचलणार, तर थांबले.

"तुह्या पंपाची किल्ली कोणाजवळ रायते?"

"बायकोजवळ. काहून?"

"बागेत झाडं वाळली आन् घरी सोयरे आले, नावं ठेवाले लागले, तर पंप चालू करते का ते?"

बाबारावजी जरा घुटमळले. "खोटं काहून सांगू साहेब? चालू करून टाकते. तिले सोयऱ्यांपुढं लाज वाटते."

"मंग चाल, पयले तिच्याशीच बोलतो. तुह्याशी बोलून काय फायदा?" असं म्हणून साहेब त्यांचा खांदा धरून मागे बसले, आणि मला हातही न करता निघून गेले.